'गेट' : एका क्रियापदाचे इतके अर्थ पेलायचे कसे?

वाचनखूण

नमस्कार. प्रश्न इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाबद्दल आहे. फाटक या अर्थाच्या 'गेट'चा स्वर लांबतो, याचा आखूड असतो. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून आधीच सांगितलं. शब्दकोशात पहिला अर्थ 'मिळणे, मिळवणे' असा दिलेला असतो आणि त्यापुढे अर्थांची रांग संपतच नाही. ती पाठ करून उपयोग होत नाही, कारण ऐन बोलताना यादी आठवत नाही. नमुन्यादाखल ही आठ वाक्यं बघा.

१. 'आय गॉट अ लेटर.'
२. 'शी गॉट अँग्री.'
३. 'वी गॉट होम अ‍ॅट टेन.'
४. 'आय गॉट द रूफ रिपेअर्ड.'
५. 'ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर.'
६. 'दे गॉट हिम टू साइन.'
७. 'आय गॉट टू मीट हर.'
८. 'गेट ओव्हर इट' आणि 'गेट इट ओव्हर विथ.'

चौथ्या आणि पाचव्या वाक्याची रचना हुबेहूब एक. मग एकात छप्पर दुरुस्त करून घेतलं आणि दुसऱ्यात बोट दारात सापडलं, हे कशावरून ठरतं? सातव्याचा अर्थ 'भेटावं लागलं' की 'भेटायला मिळालं'? आठव्यातल्या दोन्हींत शब्द जवळपास तेच, तरी अर्थ वेगळे कसे? आणि लेखी इंग्रजीत 'गेट' वापरू नये असं शिकवतात, ते कितपत बरोबर?

धातुरूप

यादी बाजूला ठेवा. 'गेट'चा स्वतःचा अर्थ फार थोडा आहे, बाकीचा तो पुढच्या शब्दाकडून घेतो. त्यामुळे वाचताना नजर 'गेट'वर न रेंगाळता त्याच्या लगेच पुढे काय आलंय तिथे गेली पाहिजे.

पुढे नाम असेल तर ती वस्तू हाती येते: 'गॉट अ लेटर', 'गॉट अ जॉब', 'गॉट अ कोल्ड'. पुढे विशेषण असेल तर ती अवस्था येते: 'गॉट अँग्री', 'गॉट वेट', 'इट इज गेटिंग लेट'. पुढे ठिकाण असेल तर तिथे पोहोचणं: 'गॉट होम', 'गॉट देअर', 'गॉट टू द स्टेशन'. पुढे दोन नामं असतील, आधी माणूस आणि मग वस्तू, तर आणून देणं: 'गेट मी अ चेअर.'

या सगळ्यांना जोडणारा धागा एकच आहे. 'बी' आणि 'हॅव' ही इंग्रजीतली स्थितीची क्रियापदं. त्या स्थितीत येऊन पडण्याचा क्षण म्हणजे 'गेट'. पत्र मिळालं, आता ते माझ्याकडे आहे: 'आय हॅव अ लेटर.' ती चिडली, आता ती चिडलेली आहे: 'शी इज अँग्री.' आम्ही घरी पोहोचलो: 'वी आर होम.' कुठलंही 'गेट' अडलं की विचारायचं, हे घडून गेल्यावर काय खरं असेल? उत्तर 'हॅव'ने किंवा 'बी'ने सुरू होतं. तुमचं चौथं वाक्य याच कसोटीवर लावून बघा: 'द रूफ इज रिपेअर्ड', म्हणजे छप्पर आता दुरुस्त अवस्थेत आहे. समजणे हा अर्थही यातच बसतो. 'आय गेट इट' म्हणजे ती गोष्ट आता माझ्या पकडीत आहे.

ही कसोटी नुसती समजुतीपुरती नाही, तिच्यामुळे चुकाही टळतात. सर्वांत जास्त दिसणारी चूक काळाची. 'आय गॉट मॅरिड फॉर टू इयर्स' चालत नाही, कारण 'गेट' हा क्षण आहे आणि क्षण दोन वर्षं टिकत नाही. एक तर क्षण सांगा, 'आय गॉट मॅरिड टू इयर्स अगो', नाही तर स्थिती सांगा, 'आय हॅव बीन मॅरिड फॉर टू इयर्स.' मराठीतही आपण 'दोन वर्षं लग्न झालं' म्हणत नाही, 'लग्न होऊन दोन वर्षं झाली' म्हणतो. तोच भेद इथे आहे.

दुसरी चूक 'होणे'मुळे होते. मराठीत 'राग आला', 'उशीर झाला', 'डॉक्टर झाला', 'म्हातारा झाला' यांत 'होणे-येणे' सहज फिरतं. इंग्रजीत मात्र 'गेट'पुढे नाम आलं की 'होणे' हा अर्थ उरतच नाही. 'आय वॉन्ट टू गेट अ डॉक्टर' म्हणजे मला डॉक्टरला बोलावून आणायचंय. डॉक्टर व्हायचं असेल तर 'बिकम' किंवा 'बी' लागतो.

विशेषणांतही सगळी 'गेट'च्या वाट्याला येत नाहीत. 'टायर्ड, हंग्री, कोल्ड, डार्क, ओल्ड, रेडी, बेटर, वर्स' यांना 'गेट' चालतो. बिघडण्याच्या, सहसा परत न फिरणाऱ्या बदलांना 'गो' लागतो: 'गो बॅड', 'गो ब्लाइंड', 'गो बॉल्ड', 'गो राँग'. रंगाला 'टर्न' किंवा 'गो'. झोप लागली तर 'फॉल अस्लीप'. 'गेट अस्लीप' कोणी म्हणत नाही.

ठिकाणाबद्दल एक बारीक गोष्ट. 'होम, हिअर, देअर' यांच्याआधी 'टू' येत नाही, बाकी ठिकाणांआधी येतो. 'रीच'चं उलट आहे: त्याला 'टू' कधीच नको, पण कर्म मात्र हवंच. 'पोहोचलास का?' याचं 'हॅव यू रीच्ड?' असं भाषांतर आपल्याकडे सर्रास होतं. मूळ इंग्रजी बोलणाऱ्याला ते अर्धवट वाटतं. 'डिड यू गेट देअर?' हे पूर्ण वाक्य.

कानामात्रा

धातुरूप यांनी पाया घातलाच आहे. प्रश्नातली ४, ५ आणि ६ ही वाक्यं थोडी सविस्तर घेतो, कारण मराठी माणूस सर्वांत जास्त तिथेच अडखळतो.

'गेट + वस्तू + भूतकाळवाचक धातुसाधित' (म्हणजे 'रिपेअर्ड', 'कॉट' यांसारखं रूप) ही रचना फक्त एवढंच सांगते की शेवटी ती वस्तू त्या अवस्थेत आली. कोणी आणली, मुद्दाम की चुकून, हे रचना सांगत नाही, मजकूर सांगतो. छप्पर कोणी चुकून दुरुस्त करून घेत नाही आणि दारात बोट कोणी मुद्दाम सापडवून घेत नाही. म्हणून ४ हे प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि ५ हा अपघात. शंका असेल तर वाक्यात 'मुद्दाम' घालून बघायचं. विसंगत वाटलं की तो अपघात.

याच रचनेचा तिसरा वापरही आहे: काम स्वतःच संपवणं. 'आय गॉट द रिपोर्ट फिनिश्ड' यात अहवाल मीच लिहिलेला असू शकतो. 'एकदाचा हातावेगळा केला' ही छटा त्यात येते. म्हणून 'गेट डन'चं 'करवून घेणे' असं एकच भाषांतर धरून बसू नका.

मराठीत आपण 'मी केस कापले', 'मी घर रंगवलं' असं म्हणतो आणि काम दुसऱ्याने केलं हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं तर स्वतःच कात्री घेऊन कापले असा अर्थ होतो. 'आय गॉट माय हेअर कट' किंवा 'आय हॅड माय हेअर कट' म्हणावं लागतं. शब्दांचा क्रम जपायचा: वस्तू मध्ये, धातुसाधित शेवटी. 'आय हॅव कट माय हेअर' म्हटलं की पुन्हा कात्री तुमच्याच हातात.

आता सहावं वाक्य. माणसाकडून काम करून घेण्याची तीन क्रियापदं आहेत आणि तिन्हींचं व्याकरण निराळं.

'दे मेड हिम साइन.' भाग पाडलं. 'टू' नाही.
'दे हॅड हिम साइन.' सांगितलं आणि त्याने केली; सांगायचा अधिकार होता. 'टू' नाही.
'दे गॉट हिम टू साइन.' समजावून, गळ घालून, कसंतरी करून तयार केलं. इथे 'टू' हवाच.

'गेट'मध्ये खटपट असते, समोरचा नाहीही म्हणू शकला असता हे गृहीत असतं. म्हणून यंत्राबद्दलही बोलता येतं: 'आय काण्ट गेट द इंजिन टू स्टार्ट.' इंजिन हट्टाला पेटलंय असाच तो सूर. सुरू होऊन चालू राहिलं तर 'गॉट इट रनिंग.' 'गेट हिम साइन' ही 'टू' गाळण्याची चूक फार होते. 'मेक' आणि 'हॅव'च्या सवयीने ती होते हे कळलं की सुधारणं सोपं जातं.

शेवटचा प्रकार 'गेट'चा कर्मणी वापर: 'ही गॉट फायर्ड', 'द विंडो गॉट ब्रोकन'. 'वॉज'च्या ऐवजी 'गॉट' घेतल्याचा फायदा असा की घटना आणि स्थिती वेगळ्या काढता येतात. 'द डोअर वॉज लॉक्ड' म्हणजे कुलूप लावलेलं होतं की त्या वेळी कोणी लावलं, हे कळत नाही. 'द डोअर गॉट लॉक्ड' यात फक्त घटना. सहसा यात कर्त्याचं बरं किंवा वाईट झालेलं असतं: बढती, मार, दंड, निवड. कोणी केलं हे सहसा सांगत नाहीत.

पथ्यं तीन. प्रश्न आणि नकार 'डू'नेच होतात: 'डिड ही गेट फायर्ड?' इथे 'गेट' हे सहायक क्रियापद नाही. 'नो', 'लाइक', 'बिलाँग' अशा स्थितिवाचक क्रियापदांशी हा प्रयोग जुळत नाही. आणि माहितीपर गद्यात, म्हणजे पूल कधी बांधला, संस्था कधी स्थापन झाली, तिथे 'वॉज बिल्ट', 'वॉज फाउंडेड' लिहा. 'इट फायनली गॉट बिल्ट' यात बोलणाऱ्याचा सुस्कारा ऐकू येतो. तो हवा असेल तेव्हाच 'गॉट'.

आणि एक, जे रोज ऐकू येतं: 'आय अ‍ॅम गेटिंग बोअर.' मराठीत 'बोअर होतंय', 'कन्फ्युज झालो', 'अ‍ॅडजस्ट झालो' असं आपण मूळ रूपच उचललंय, ते तसंच इंग्रजीत परत जातं. 'गेट'पुढे 'बोअर्ड', 'कन्फ्यूज्ड', 'अ‍ॅडजस्टेड' असं शेवटाला 'ड' लागलेलं रूपच हवं. 'गेट मॅरिड'पुढे 'टू' येतो, 'विथ' नाही. 'तिच्याशी'मधला 'शी' तिथे घेऊन जाऊ नका.

वाचनखूण

धातुरूप, कानामात्रा, दोघांचेही आभार. 'वस्तू शेवटी त्या अवस्थेत आली' एवढं धरलं की ४ आणि ५ एकदम सुटतात. पण 'हॅव/बी'ची कसोटी सातव्या वाक्याला लागत नाही असं वाटतं. 'आय गॉट टू मीट हर' यात कुठली स्थिती?

अर्धविराम

सातव्यासाठी 'गॉट टू' हे प्रकरण स्वतंत्रच घ्यावं लागतं, कारण दिसायला सारख्या या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत.

पहिली, पुढे ठिकाण: 'गॉट टू द स्टेशन.' पोहोचलो.

दुसरी, पुढे क्रियापद आणि संधीचा अर्थ: 'आय गॉट टू मीट हर.' भेटायला मिळालं. धातुरूप यांची कसोटी ताणली तर इथेही लागते, 'भेटण्याची संधी माझ्याकडे आली'. पण ताणावी लागते हे खरं.

तिसरी, सक्ती: 'आय हॅव गॉट टू मीट हर.' भेटायलाच हवं. इथे 'हॅव' आहे आणि काळ वर्तमान आहे. बोलताना हा 'हॅव' आधी 'व्ह' इतका बारीक होतो, मग गायब होतो, आणि 'गॉट टू' मिळून 'गॉटा' होतं. अमेरिकन तोंडी मधला 'ट' मऊ होऊन 'गाडा'सारखा ऐकू येतो. 'गेट अप'ही 'गेडप'. म्हणून नुसतं ऐकून ठरवायचं असेल तर काळ बघा. गोष्ट घडून गेली असेल तर संधी. व्हायची असेल तर सक्ती. तुमच्या वाक्यात काल-परवाचा उल्लेख असला की 'भेटायला मिळालं' हाच अर्थ. 'भेटावं लागलं' म्हणायचं तर 'आय हॅड टू मीट हर', तिथे 'गॉट'ला शिरकाव नाही.

चौथी, हळूहळू होत जाणं: 'गेट टू नो', 'गेट टू लाइक'. 'वी गॉट टू नो ईच अदर' म्हणजे ओळख वाढत गेली. 'परीक्षा पुढे गेल्याचं कळलं' यासाठी 'आय गॉट टू नो दॅट...' असं आपल्याकडे हमखास लिहितात. बातमी एका क्षणात कळते, तिथे 'फाउंड आउट' किंवा 'हर्ड' हवं. ही सवय मोडायला वेळ लागतो, पण मोडण्यासारखी नक्की आहे.

'गेट यूज्ड टू' ही पाचवी गाठ म्हणा हवं तर. तिथला 'टू' शब्दयोगी आहे, म्हणून पुढे 'इंग' लागतं: 'गेट यूज्ड टू वेकिंग अप अर्ली', लवकर उठायची सवय होणं. 'गेट' काढला आणि 'इंग'ही काढलं, 'ही यूज्ड टू वेक अप अर्ली', की अर्थ पार बदलतो: पूर्वी उठत असे, आता नाही.

ओघात 'हॅव गॉट' आणि 'गॉटन' यांबद्दल. 'आय हॅव गॉट अ पेन' हे रूपाने पूर्ण वर्तमान, अर्थाने साधा वर्तमान: पेन आहे. मिळवलं होतं म्हणून आता आहे, या वाटेने 'गेट'चं फळ स्वतःच स्थिती होऊन बसलं. भूतकाळात हे सहसा टिकत नाही, 'आय हॅड अ पेन' म्हणतात. 'गॉटन' हे जुनं रूप ब्रिटनमध्ये मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. तिथे त्याचा उपयोगही आहे: 'हॅव गॉट अ टिकेट' म्हणजे जवळ आहे, 'हॅव गॉटन अ टिकेट' म्हणजे मिळवलंय; 'हॅव गॉट टू गो' म्हणजे जायलाच हवं, 'हॅव गॉटन टू गो' म्हणजे जायला मिळालंय. 'गॉटन' अशुद्ध म्हणून खोडू नका. ब्रिटिश किंवा अमेरिकन, एक पद्धत निवडा आणि एका लेखनात तीच ठेवा. साध्या भूतकाळात मात्र दोन्हीकडे 'गॉट'च.

मुळाक्षर

व्युत्पत्तीची थोडी भर घालतो, कारण ती इथे खरोखर कामाची आहे.

'गेट' मूळचा जुन्या इंग्रजीतला सुटा शब्द नाही. तो स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गेता'पासून आला, आणि साधारण १२०० च्या सुमारास इंग्रजीत दिसू लागला. त्याचा अर्थ मिळवणे, गाठणे. जुन्या इंग्रजीत याच कुळातलं क्रियापद होतं, पण उपसर्गाला चिकटलेलं. त्यातून 'बिगेट' म्हणजे जन्म देणे आणि 'फर्गेट' म्हणजे विसरणे हे आजवर आले. 'फर्गेट' म्हणजे मुळात हातातून निसटणं. ब्रिटनमध्ये 'गॉटन' गेलं तरी 'फर्गॉटन' राहिलं. या सगळ्यांमागच्या भारोपीय धातूचा, म्हणजे भारतापासून युरोपापर्यंतच्या भाषाकुळाच्या मूळ धातूचा, अर्थ 'पकडणे'. लॅटिनमध्ये त्याचंच 'प्रेहेंदेरे' झालं आणि त्यातून इंग्रजीत 'कॉम्प्रिहेंड' आलं. म्हणजे समजण्यासाठी 'गेट' आणि 'कॉम्प्रिहेंड', साधा आणि भारदस्त, हे दोन्ही एकाच पकडीतून आलेले. आपण 'ग्रहण करणे' म्हणतो तेव्हाही पकडतोच.

अनेकार्थी शब्द म्हणजे इंग्रजीचा काही विचित्रपणा आहे असं वाटत असेल तर आपलं 'लागणे' बघा. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, झोप लागते, वेळ लागतो, पैसे लागतात, निकाल लागतो, नोकरी लागते, फोन लागतो, दार लागतं, नाद लागतो, तो माझा मामा लागतो, ती रडू लागते, मला जावं लागतं. परक्याला ही यादी पाठ करायला सांगितली तर तो हात टेकेल. आपल्याला ती कधी पाठ करावी लागली नाही, कारण मुळात एकच चित्र आहे: संस्कृत 'लग्', चिकटणे, स्पर्श होणे. भूक, आग, नाद येऊन चिकटतात. 'रडू लागली'मध्ये क्रिया चिकटते, 'जावं लागलं'मध्ये सक्ती.

यातल्या काही जागा 'गेट'शी तंतोतंत जुळतात. 'नोकरी लागली' म्हणजे 'गॉट अ जॉब'. 'फोन लागला' म्हणजे 'गॉट थ्रू'; 'द फोन इज नॉट गेटिंग' असं वाक्य होत नाही, 'आय काण्ट गेट थ्रू' म्हणायचं. 'जायला लागेल' म्हणजे 'हॅव गॉट टू गो'.

जिथे जुळत नाही ती जागा कर्त्याची. 'मला पत्र मिळालं' यात पत्र कर्ता आणि मी चतुर्थीत. इंग्रजीत मी कर्ता होतो आणि पत्र कर्म. 'मला समजलं', 'मला राग आला', सगळीकडे हेच. मराठीत या गोष्टी माणसाकडे येतात, इंग्रजीत माणूस त्यांच्यापर्यंत जातो. भाषांतर करताना आधी 'मला'चा 'आय' करा, मग 'गेट' बसवा. आणि हे वाक्य पुन्हा कर्मणी करू नका: 'अ लेटर वॉज गॉट बाय मी' हे व्याकरणाच्या वहीत बसेल, भाषेत नाही.

कडीकोयंडा

आठव्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहिते.

'गेट ओव्हर इट' यात 'ओव्हर' हा 'इट'चा शब्दयोगी: त्या गोष्टीवरून पलीकडे जा. आजार, दुःख, अपमान यांतून सावरणं. 'गेट इट ओव्हर विथ' यात 'इट' हे 'गेट'चं कर्म आणि 'ओव्हर' म्हणजे संपलेलं: ती गोष्ट संपलेल्या अवस्थेत आण. नकोसं काम एकदाचं उरकून टाकणं. वरच्या छपराच्या वाक्याचीच ही रचना आहे. म्हणजे 'इट' कुठे बसलाय यावर सगळं आहे. तसंच 'गेट थ्रू इट', त्यातून पार पडणं, आणि 'गेट इट थ्रू', ते पलीकडे पोहोचवणं. 'गेट अक्रॉस द रिव्हर' आणि 'गेट द आयडिया अक्रॉस'ही तसेच. दुसरा म्हणजे मुद्दा समोरच्यापर्यंत पोहोचवणं.

वाहनांचा गोंधळ एका नियमाने मिटतो. ज्यात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर स्वार होतात, त्याला 'ऑन' आणि 'ऑफ': बस, आगगाडी, विमान, जहाज, सायकल, घोडा. ज्यात वाकून शिरावं आणि बसावंच लागतं, त्याला 'इन' आणि 'आउट ऑफ': मोटार, टॅक्सी, छोटी होडी. 'खाली उतरणे'मुळे आपण बसमधून 'गेट डाउन' करतो. ते शिडीवरून, झाडावरून उतरताना ठीक आहे. शिवाय 'गेट डाउन!' ऐकलं तर लोक वाकतील किंवा जमिनीवर आडवे होतील, उतरणार नाहीत. 'धिस वेदर गेट्स मी डाउन' म्हणजे मन खचतं, आणि 'गेट डाउन टू वर्क' म्हणजे कामाला भिडणं.

काही जोड्या नेहमी उलट्यापालट्या होतात. 'वेक अप' म्हणजे जाग येणं, 'गेट अप' म्हणजे अंथरुणातून उठणं. मध्ये तासभर लोळता येतं. 'गेट बॅक' म्हणजे परत येणं, 'गेट इट बॅक' म्हणजे ते परत मिळवणं, 'गेट बॅक टू यू' म्हणजे नंतर कळवतो. 'गेट बाय' म्हणजे कसंबसं भागवणं, 'गेट अवे विथ' म्हणजे करूनही शिक्षेतून सुटणं. 'व्हॉट आर यू गेटिंग अ‍ॅट?' हा प्रश्न जपून वापरा. 'तुम्हाला नेमकं सुचवायचंय तरी काय?' असा तो आहे, त्यात नाराजी असते.

'आय डिडण्ट गेट यू' हे 'समजलं नाही' म्हणून आपल्याकडे रुळलंय. बोलणं ऐकू आलं नसेल तर 'आय डिडण्ट गेट दॅट' किंवा 'कॅच दॅट', आशय कळला नसेल तर 'आय डोण्ट गेट इट'. 'डिड यू गेट?' असं कर्माशिवाय सोडू नका. कर्म गळलं की 'गेट' लुळा पडतो.

धातुरूप

लेखी वापराचा प्रश्न राहिला. 'गेट टाळा' हा सल्ला अर्धा बरोबर आहे. शोधनिबंध, करारपत्र, औपचारिक अर्ज यांत नेमका शब्द घ्या: पत्र आलं तर 'रिसीव्ह', प्रयत्नाने मिळवलं तर 'ऑब्टेन', कौशल्य किंवा मालमत्ता असेल तर 'अ‍ॅक्वायर', बदल असेल तर 'बिकम', पोहोचणं असेल तर 'अराइव्ह' किंवा 'रीच'. हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'आय ऑब्टेन्ड युअर लेटर' म्हटलं तर पत्र खटपट करून मिळवल्यासारखं वाटतं.

पण बोलताना, रोजच्या ईमेलमध्ये, गोष्टीतल्या संवादात 'गेट' काढून हे शब्द घातले तर भाषा ताठर होते. 'आय बिकेम वेट' असं कोणी म्हणत नाही. आणि 'गेट मॅरिड', 'गेट रिड ऑफ', 'गेट लॉस्ट' यांना धक्का लावू नका, ते एकसंध आहेत. मधला मार्ग असा: एका परिच्छेदात तीनपेक्षा जास्त 'गेट' दिसले की प्रत्येकाला 'हॅव की बी' विचारा. 'हॅव'वाल्यांना नेमका पर्याय सहसा सापडतो, 'बी'वाल्यांना बरेचदा तसंच ठेवणं बरं.

सरावासाठी अर्थांची वही करण्यापेक्षा चौकटींची करा. एका पानावर 'गेट + विशेषण', दुसऱ्यावर 'गेट + वस्तू + धातुसाधित', तिसऱ्यावर 'गेट + माणूस + टू', असं. वाचताना वाक्य भेटलं की अख्खं वाक्य त्या पानावर उतरवा, सुटा शब्द नको. चौकटी सात-आठच भरतात. 'गेट ओव्हर', 'गेट बाय' यांना मात्र वेगळी पानं द्या.

वाचनखूण

आता माझी उत्तरं तपासा. १: माझ्याकडे आलं. २: त्या अवस्थेत गेली. ३: त्या ठिकाणी पोहोचलो. ४: वस्तू हव्या त्या अवस्थेत आणली. ५: नको त्या अवस्थेत आली. ६: गळ घालून तयार केलं. ७: भेटायला मिळालं. ८: सावर, आणि उरकून टाक. सरावाचं वाक्य: 'आय गॉट टू नो फ्रॉम धिस थ्रेड हाउ टू गेट माय सेंटेन्सेस करेक्ट.'

अर्धविराम

आठही बरोबर. सरावाच्या वाक्याचा दुसरा भाग उत्तम जमलाय: 'गेट + वस्तू + विशेषण', ही चौकट वर कोणी दिलीच नव्हती. पहिल्या भागात 'गॉट टू नो'ऐवजी 'लर्न्ड' करा.